बैलाला डॉक्टर, भगताला नारळ

महाराष्ट्र सरकारच्या दप्तरात साहस कशाला म्हणतात ते एकदा नीट वाचून घ्या, दोस्तांनो. २०१५ साली दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा मिळाला. २०२२ च्या ऑगस्टमधे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधानसभेत जाहीर केलं की गोविंदा आता खेळाडू समजायचा, खेळाडूंच्या पाच टक्के आरक्षणात त्याला नोकरी, आणि थरावरून पडून मेला तर घरच्यांना दहा लाख. स्पर्धा परीक्षेसाठी रात्रीचा दिवस करणारी पोरं तेवढी बोंबलली. आपल्याला जन्मभर 'आरक्षणानं गुणवत्ता मारली' म्हणून शिकवणारी मंडळी त्या दिवशी गप्पगार. चार थर लावून मिळणारं आरक्षण त्यांना टोचलं नाय. आपलंच कसं काय टोचतं बुवा?

आता खान्देशात या. आमच्या जळगाव-भुसावळच्या पट्ट्यात बारागाड्या ओढतात. मुंबईच्या मित्रांना हा प्रकार ठाऊक नसेल म्हणून सांगतो. बारा बैलगाड्या एकामागं एक बांधायच्या. बैल एकही नाही. पुढं एक माणूस, त्याला भगत म्हणतात, कमरेला दोर. त्याच्या दोन्ही बाजूंना बगले. गाड्यांवर माणसं कोंबलेली, पोरंसोरं दांड्यांना लोंबकळलेली. खंडेरावाचं नाहीतर मरीआईचं नाव घेऊन भगत धावायला लागतो आणि अख्खी माळ गडगडायला लागते. एकदा गडगडली की तिला ब्रेक नाय. बारा गाड्या, चोवीस चाकं, त्यावर माणसांचं वजन, आणि दोन्ही अंगाला गर्दी लोटालोटी करतेय. पाय घसरला की माणूस थेट चाकाखाली. असे मेलेले आहेत, लंगडे झालेले आहेत. दुसऱ्या दिवशी पेपरात आतल्या पानावर चार ओळी येतात आणि पुढच्या वर्षी त्याच रस्त्यावर त्याच गाड्या.

हा साहसी खेळ नाही. का नाही? तर ह्याच्यासमोर स्टेज नाही, कॅमेरा नाही, लाखाचं बक्षीस लावणारा आमदार नाही. देवाचं आहे म्हणून सोडून दिलंय. आणि आता गंमत बघा. बैलगाडा शर्यतीवर सुप्रीम कोर्टानं २०१४ साली बंदी घातली. २०१७ साली राज्यानं कायदा केला, डिसेंबर २०२१ मधे शर्यती पुन्हा सुरू झाल्या, १८ मे २०२३ ला कोर्टानं कायद्यावर शिक्का मारला. त्या कायद्याखालच्या नियमांत काय काय आहे? कलेक्टरची परवानगी. आयोजकाची अनामत रक्कम. धावपट्टी हजार मीटरच्या वर नको. बैलाची जनावरांच्या डॉक्टरकडून तपासणी. बैलाचे हाल होऊ नयेत याबद्दल माझी तक्रार नाही. बैल बिचारा बोलत नाही, त्याच्या बाजूनं कोर्टात जाणारी माणसं निघाली हे चांगलंच झालं. पण बैलाला डॉक्टर मिळाला, आणि जिथं बैलाच्या जागी माणूस जुंपतात तिथं भगताच्या हातात नारळ आणि खांद्यावर टॉवेल. बैलाला एवढं मिळवून द्यायला मोर्चे निघाले, वकील लागले, दिल्लीपर्यंत खेटे झाले. माणसासाठी कोण गेलं?

मी बारागाड्या बंद करा म्हणत नाही. दहीहंडी बंद करा असंही म्हणत नाही. आपल्यातले काही मित्र म्हणतात, हे सगळं हिंदूंचं, देवळातलं, आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसं, आपल्याला त्याच्याशी काय करायचंय? मी त्यांना विचारतो, रस्ता कुणाचा? मैदान कुणाचं? बंदोबस्ताच्या पोलिसाचा पगार कुणाच्या खिशातून जातो? बादलीभर पाणी विकत घेणारी झोपडपट्टीतली बाई काडेपेटीवरसुद्धा कर भरते. देव त्यांचा असेल, तिजोरी आपलीसुद्धा आहे. आणि मघाच्या त्या थरात खालच्या रांगेला कोण उभं असतं, हे एकदा जाऊन बघा. वरती चढायला हलकं पोरगं लागतं, ते कुठलंही असतं. खाली खांदा लागतो. हमाली करून, विटा वाहून, पोती उचलून तयार झालेला खांदा. जळगावात बाजार समितीत, धुळ्यात मालधक्क्यावर असे खांदे पुष्कळ. मंडळाचा अध्यक्ष चार दिवस आधी वस्तीत येतो, 'भाऊ, पोरं काढ' म्हणतो, टीशर्ट वाटतो, वडापाव वाटतो. टीशर्टवर नेत्याचा फोटो असतो. पोरगं खांद्यावर सात माणसांचं वजन झेलत असतं आणि त्याच्या छातीवर दुसऱ्याचं तोंड हसत असतं.

मी गोदीत लॅशिंगचं काम करतो. जहाजावर कंटेनरांचेसुद्धा थर लागतात, चार, पाच. लोखंडी सळया घेऊन त्यांना बांधायचं. वारा असतो, पावसात पत्रा निसरडा होतो, खाली काय आहे ते बघायचं नसतं. रोज असे थर चढणारी शेकडो पोरं आहेत. ढोल नाही, डीजे नाही. ठेकेदाराच्या हजेरीपत्रकात नाव आहे का, एवढाच सवाल. म्हणून सरकारचा साहस हा शब्द ऐकला की मला हसू येतं. गटारात उतरणारा माणूस काय करतो? २०१३ साली त्याच्यासाठी कायदा झाला. २०१४ साली सुप्रीम कोर्ट म्हणालं, गटारात मेलेल्याच्या घरच्यांना दहा लाख द्या. २०२३ साली म्हणालं, तीस लाख द्या. कोर्टाला सांगावं लागलं. गोविंदाचे दहा लाख मात्र मुख्यमंत्र्यांनी आपण होऊन सभागृहात जाहीर केले. दोघंही उंचसखल जागेवरून मेलेले, एक वरून पडून, एक खाली उतरून. गोविंदाला मिळू नये असं कोण म्हणेल? पण सरकार कुणाच्या दारात स्वतःहून जातं आणि कुणाला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावतं ते ह्यात दिसतं.

बरं, ह्या विम्याचा हिशेब तरी बघू. २०२३ साली सरकारनं पन्नास हजार गोविंदांचा विमा काढला. डोई ७५ रुपये हप्ता. एकूण साडेसदतीस लाख. २०२५ साली आकडा दीड लाख गोविंदांवर नेला. सरकारनं केलं ते चांगलंच केलं. आता ह्याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवा.

सारंगखेडा. तापीच्या काठावर, शहादा तालुका. १९९८ ला नंदुरबार जिल्हा वेगळा झाला, त्याआधी आपल्या धुळ्यातच होतं. एकमुखी दत्ताची जत्रा, दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार. देशभरातून घोडे येतात, शर्यती लागतात, नाचवतात. पिढ्यान् पिढ्या ही जत्रा गावानं, व्यापाऱ्यानं, घोडेवाल्यानं चालवली. मग सरकारला वाटलं हिचा फेस्टिव्हल करावा. चेतक फेस्टिव्हल. राज्याच्या पर्यटन महामंडळानं २६ डिसेंबर २०१७ ला अहमदाबादच्या लल्लूजी अँड सन्स ह्या कंपनीशी करार केला. कुंभमेळ्यात आणि कच्छच्या रणात तंबू ठोकणारी ही कंपनी. कराराचा आकडा ३२१ कोटी. वर्ष उलटायच्या आत, २८ नोव्हेंबर २०१८ ला, सरकारनंच हुकूम काढला की करारात गंभीर आर्थिक अनियमितता आहेत, रद्द करा. दोष कंपनीचा की महामंडळाचा की आणखी कुणाचा, त्यात मी पडत नाही. ते वकिलांचं काम. मी मॅट्रिक झालेला माणूस, मला भागाकार येतो. ३२१ कोटीला साडेसदतीस लाखानं भागा. ८५६ येतात. म्हणजे पन्नास हजार पोरांच्या जिवाचा विमा ८५६ वर्षं काढता आला असता, एवढ्या रकमेचा कागद एका जत्रेसाठी झाला. आणि कागद कुठं झाला, कुणी बघितला? सारंगखेड्याच्या ग्रामसभेत तो वाचला गेला असता तर चुलीपुढच्या म्हातारीनंसुद्धा विचारलं असतं, एवढ्या पैशात काय काय करनार, आन् आमले काय भेटनं?

शहादा तालुका म्हणजे काय हे आजच्या पोरांना माहीत नसेल. अंबरसिंग महाराजांचा तालुका. १९७२ साली तिथं श्रमिक संघटना उभी राहिली. सावकारानं, गुजर पाटलानं गिळलेल्या जमिनीसाठी भिलांनी तिथं लढा दिला. त्याच मातीत पाहुण्यांसाठी पांढरे तंबू लागतात आणि भिलाचं पोरगं घोड्याची लीद काढतं, तंबूला पाणी भरतं, रात्री शेकोटीपुढं नाचतं. त्याला साहस शिकवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही. सातपुड्यातल्या पाड्यावरून बाळंतीण झोळीत घालून डोंगर उतरणारी माणसं आहेत ही. ह्याच डोंगरात दोरी बांधून शहरी माणूस उतरला की त्याचं प्रमाणपत्र मिळतं.

एवढ्यावर थांबत नाय हे. खेळाच्या जत्रेला पैसा कमी पडला की तो कुणाच्या ताटातून उचलतात? २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल खेळांची गोष्ट विसरू नका. दलितांसाठी राखून ठेवलेल्या विशेष घटक योजनेचे पैसे दिल्ली सरकारनं त्या खेळांकडे वळवले. माहितीच्या अधिकारात कागद काढले तेव्हा आकडा निघाला ७४४ कोटी. ऑगस्ट २०१० मधे राज्यसभेत गृहमंत्री चिदंबरम यांना ६७८ कोटी वळवल्याचं कबूल करावं लागलं. स्टेडियमवर रोषणाई झाली, आतषबाजी झाली, आणि ते पैसे होते शिष्यवृत्तीचे, वसतिगृहाचे, घराचे. त्यानंतर २०१३ साली आंध्रात आणि कर्नाटकात कायदे झाले की ह्या पैशाला दुसरीकडे हात लावायचा नाही. महाराष्ट्रात आपण निवेदनं देत राहिलो. आणि २०२५ साली लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी वळते झाले. सामाजिक न्यायमंत्री संजय शिरसाट स्वतः उखडले. बहिणीला पैसे मिळाले त्याचा आनंदच आहे, आपल्याही बहिणी आहेत त्यात. पण बहिणीची ओवाळणी आपल्याच पोरांच्या मेसच्या पैशातून का घालायची? हे खेळांबाबत झालं, योजनांबाबत झालं. उद्या जळगावात नाहीतर लळिंगच्या किल्ल्यावर साहसी महोत्सव भरला तर त्याच्या बिलाखाली कुठल्या खात्याचं नाव असेल हे आधी विचारायचं की नंतर?

जळगाव आणि धुळे ह्या दोन गावांना हिशेब म्हणजे काय हे शिकवायची गरज नाही खरं तर. जळगावच्या झोपडपट्टीवाल्यांसाठी घरकुलं बांधायची म्हणून नगरपालिकेनं कोट्यवधी काढले. घरं अर्धवट राहिली, झोपडपट्टी होती तिथंच राहिली. धुळ्याच्या विशेष न्यायालयानं ३१ ऑगस्ट २०१९ ला ४८ जणांना दोषी ठरवलं. पुढं अपिलं झाली, जामीन झाले, ते चालू द्या. पण एका शहरातल्या गरिबाच्या छपराचा निकाल दुसऱ्या शहरात लागायला वीस वर्षं जातात, हे आपण डोळ्यांनी बघितलंय. महोत्सव तर तीन दिवसांत उठतो. मंडप सोडला, खड्डे बुजवले, झालं. त्याचा हिशेब कधी मागणार?

खेळात पैसा कुणाचा, घाम कुणाचा आणि टोपी कुणाची हा जुनाच मामला आहे. बाळू पालवणकर पुण्याच्या क्लबात खेळपट्टी सारवणारा चांभाराचा पोरगा. १९११ साली विलायतेच्या दौऱ्यावर शंभरावर बळी घेऊन आला. हिंदूंच्या संघात त्याची गोलंदाजी चालायची, कप्तानी चालत नव्हती. कप्तानी घरात यायला १९२३ साल उजाडावं लागलं, तीही धाकट्या भावाला, विठ्ठलला. आपली पोरं आजही पथकात असतात, समितीत नसतात. मला बदलायचं आहे ते हे.

दोर बांधणाऱ्याचं काय, हाही एक मुद्दा आहे. २०२५ च्या दहीहंडीला ठाण्यात दहा थर लागले, विक्रम झाला, जगभर फोटो गेले. त्याच दिवशी मानखुर्दला हंडीचा दोर बांधताना एक बत्तीस वर्षांचा माणूस पडून मेला. तो कुठल्याच थरावर नव्हता. हंडी लागायच्या आधीच तो गेला. साहस सुरू व्हायच्या आधीचं साहस. कुठलाही महोत्सव घ्या, मंडपाचे बांबू बांधणारा, वायर ओढणारा, लाऊडस्पीकर चढवणारा, शेवटी झाडू मारणारा, ह्यांच्याशिवाय तो होत नाही आणि कुठल्याही यादीत हे नसतात. विमा नोंदणी झालेल्या पथकाच्या पोराला. चार दिवस आधी वस्तीतून उचललेल्या पोराची नोंद कोण करणार? मुंबईतल्या असोसिएशनपर्यंत धुळ्यातल्या मोगलाईतल्या पोराचं नाव कसं पोचणार? पोचवणारा माणूस मंडळात पाहिजे आणि तो आपला पाहिजे.

तेव्हा बहिष्कार घालून घरी बसणाऱ्यांचं मला पटत नाही. आपण बसलो की खांदा द्यायला दुसऱ्या वस्तीतला गरीब जाईल, मुसलमान जाईल, भिल्ल जाईल. आत घुसून हिशेब मागणं अवघड आहे, पण तेच करायचंय. महोत्सवाला सरकारचा एक रुपया जरी लागला तरी पहिला खर्च अंगाचा. विमा, अँब्युलन्स, हाडाचा डॉक्टर, हेल्मेट, खाली गाद्या. हे सगळं जागेवर आल्याशिवाय बक्षीस जाहीर करायचं नाही, नाचणारी बोलवायची नाही. मोठ्या बक्षिसाचं गाजर हेच पोरांना आठव्या-नवव्या थराला नेतं. हायकोर्टानं २०१४ साली वीस फुटांची मर्यादा घातली होती, २०१६ साली सुप्रीम कोर्टानंही ती उचलून धरली, २०१७ साली ती उठली. उठल्यावर उंची कुणी ठरवली? बक्षीस लावणाऱ्यानं. म्हणून मी म्हणतो, पैसा पहिल्या नंबराला एकवट देऊ नका, येणाऱ्या प्रत्येक पथकाला दिवसाची मजुरी द्या. खांदा देणं हे काम आहे, कामाला रोज पाहिजे. साहस म्हणून फुकट राबवायचं नाही.

ठेक्याचंही तेच. मंडप, वीज, पाणी, स्वयंपाक, पहारा, ही कामं गावातल्या मजूर सोसायटीला, बचत गटाच्या बायांना देता येतात. त्यासाठी अहमदाबाद लागत नाही, मुंबईही लागत नाही. कुणाला किती दिलं त्याचा फळा चौकात लावायचा, तेलाच्या रंगानं, पुसता येणार नाही असा. समितीत ज्या वस्तीची पोरं राबणार तिची माणसं, त्यांत निम्म्या बाया. नेता पाहिजे असेल तर खुर्चीवर बसू दे, पण त्याच्या फोटोचा खर्च त्याच्या खिशातून.

हे बोलताना आपल्या जयंतीकडेही बघावं लागेल. बाबासाहेब १९३७ साली कोर्टाच्या कामाला धुळ्याला आले, लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. ३१ जुलैला तिथं आजही माणसं जमतात. बाया पोरं कडेवर घेऊन चालत येतात. त्या गर्दीला कुणी बक्षीस लावलेलं नसतं. आणि दुसरीकडं शहरातली आपली काही मंडळं बघा. वर्गणीची पावती आहे पण हिशेब नाही. भिंतीसारखा डीजे आहे, त्यावर ज्या नगरसेवकानं वस्तीतलं संडासाचं काम अडवलं त्याचंच बॅनर. वाचनालयाचं कुलूप गंजलंय. आपण त्यांना हिशेब विचारणार आणि ते आपल्याला विचारणार नाहीत, असं होत नाय. म्हणून आधी ह्या चौदा एप्रिलचा हिशेब आपापल्या बुद्धविहारात मोठ्यानं वाचा. धर्मादाय आयुक्ताच्या कायद्यात सणाच्या वर्गणीला परवानगी घ्यावी लागते आणि हिशेब द्यावा लागतो, तो आपल्यालाही लागू आहे. कुणी दोनशे खाल्ले असतील तर तिथंच निघू दे. भांडण होईल, होऊ दे.

मग महापालिकेत जा. जळगाव आणि धुळे, दोन्ही २००३ साली महापालिका झाल्या. माहितीच्या अधिकाराचा अर्ज करा. गेल्या तीन वर्षांत दहीहंडी, यात्रा, महोत्सव, मॅरेथॉन ह्यांवर पालिकेनं किती खर्च केला, कुठल्या खात्यातून, ठेका कुणाला, निविदा निघाली होती का, मैदानाचं भाडं कुणाला माफ केलं, जखमींची नोंद कुठं आहे. दलित वस्ती सुधारणेच्या पैशातला काही त्यात गेला का, हा प्रश्न वेगळा लिहा, नाहीतर ते उत्तरात गुंडाळतात. कलेक्टर कचेरीत दुसरा अर्ज, बारागाड्यांना परवानगी कुणी आणि कुठल्या अटींवर दिली. पोचपावतीवर शिक्का घ्या, तारीख बघा, तीस दिवस मोजा. अर्जाला दहा रुपयांचं तिकीट लागतं. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही माफ आहे, तेव्हा गेल्या वर्षी खालच्या थराला उभ्या राहिलेल्या पोराच्याच नावानं टाका अर्ज.